आज्ञावलीच्या घटकांतील परस्परनिर्देश व त्यांचा शोध

१. प्रश्नाचे स्वरूप

कोशात एखादा शब्द पाहावयास जावे आणि त्याच्यापुढे अर्थाऐवजी ‘पहा’ एवढेच लिहून दुसऱ्या शब्दाकडे बोट दाखविलेले असावे, हा अनुभव कोश वापरणाऱ्या प्रत्येकाच्या परिचयाचा आहे. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) घ्यावा, की दाते-कर्वे यांचा सात विभागांचा महाराष्ट्र शब्दकोश (१९३२ ते १९३८) घ्यावा, अशा निर्देशांवाचून कोणत्याही कोशकाराचे भागलेले नाही.

वाचकाचे काम या निर्देशाने होते. कारण त्याला एका नोंदीवरून दुसऱ्या नोंदीकडे जावयाचे असते आणि वाट तेथेच लिहिलेली असते. संपादकाची अडचण याच्या उलट आहे. एखादी नोंद मोडून तिच्या दोन नोंदी कराव्यात, किंवा तिचे शीर्षरूप बदलावे, असे त्याच्या मनात आले की त्याला प्रथम विचारावे लागते : या नोंदीकडे बोट दाखविणाऱ्या नोंदी कोठकोठे आहेत? या प्रश्नाचे उत्तर त्या नोंदीत कोठेही लिहिलेले नसते. ते कोशभर विखुरलेले असते. ते न शोधता बदल केला, तर वाचक अस्तित्वात नसलेल्या दाराकडे पाठविला जातो आणि संपादकास त्या चुकीची वार्ताही नसते.

संगणकाच्या आज्ञावली रचणाऱ्यांपुढे नेमका हाच प्रश्न नित्य उभा राहतो. मोठी आज्ञावली हा एकसंध लेख नसून शेकडो, प्रसंगी हजारो घटकांची ती जुळणी असते. एका घटकात एखाद्या नावाची व्याख्या केलेली असते आणि इतर घटक त्या नावाचा उच्चार करून त्या घटकाकडून काम करवून घेतात. व्याख्या एका ठिकाणी आणि उपयोग अनेक ठिकाणी, अशा या नात्यास आज्ञावलीकार ‘क्रॉस-रेफरन्स’ म्हणतात. येथे त्यासाठी ‘परस्परनिर्देश’ हा शब्द योजिला आहे. आज्ञावली लिहिण्याच्या साधनांत हे निर्देश शोधून देण्याची सोय असते. ती सोय कशी चालते, तिच्या उत्तरावर कितपत विसंबावे आणि भाषाशास्त्राच्या अभ्यासकास तिच्यापासून काय घेण्याजोगे आहे, या तीन मुद्द्यांचा विचार येथे करावयाचा आहे.

२. निर्देश न शोधल्याचे परिणाम

समजा, एखाद्या विद्यापीठाच्या परीक्षा विभागाच्या आज्ञावलीत ‘श्रेणी’ नावाचा एक घटक आहे. त्यास विद्यार्थ्याचे शेकडा गुण द्यावेत आणि त्याने प्रथम, द्वितीय इत्यादी वर्ग सांगावा, एवढेच त्याचे काम. गुणपत्रिका छापणारा घटक त्याचा उपयोग करतो, हे सर्वांना ठाऊक आहे. पुढे शेकडा गुणांऐवजी दहांपैकी श्रेणीगुण धरावयाचे ठरते. ‘श्रेणी’ घटकात तसा बदल होतो, गुणपत्रिकेचा घटकही त्याबरोबर दुरुस्त होतो आणि गुणपत्रिका अचूक छापल्या जातात. परंतु शिष्यवृत्तीची यादी करणारा, काही वर्षांपूर्वी दुसऱ्याच कोणी लिहिलेला तिसरा घटक ‘श्रेणी’कडे अद्याप शेकडा गुणच पाठवीत असतो. ५२ हा आकडा दहांपैकी म्हणून वाचला गेला की तो उमेदवार प्रथम वर्गाच्याही पलीकडे जातो. आज्ञावली थांबत नाही, तक्रारही करीत नाही; ती शांतपणे चुकीची यादी तयार करते, आणि जो विद्यार्थी खरोखर पात्र होता त्याचे नाव गर्दीत मागे पडते. ‘श्रेणी’चा उपयोग कोण कोण करतो, हा प्रश्न बदलापूर्वी विचारला गेला असता तर हे टळले असते.

उदाहरण काल्पनिक असले तरी संकट काल्पनिक नाही. १ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेतील नाइट कॅपिटल या रोखे-व्यवहार करणाऱ्या कंपनीत असाच प्रकार घडला. वापरातून गेलेल्या एका जुन्या निशाणाचा नव्या कामासाठी पुन्हा उपयोग करण्यात आला होता. आठ सर्व्हरांपैकी सातांवर नवी आज्ञावली बसविली गेली. आठव्यावर राहून गेलेल्या जुन्या आज्ञावलीत त्याच निशाणाचा जुना अर्थ जिवंत होता. सुमारे ४५ मिनिटांत कंपनीस ४४ कोटी डॉलर किंवा त्याहून अधिक तोटा झाला. मार्च २०१६ मध्ये ‘लेफ्ट-पॅड’ नावाचा अवघ्या ११ ओळींचा घटक त्याच्या कर्त्याने एनपीएम या सार्वजनिक भांडारातून काढून घेतला, तेव्हा त्याच्यावर प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष विसंबून असलेल्या असंख्य आज्ञावलींची जुळणीच होईनाशी झाली. भांडाराच्या चालकांना तो घटक परत ठेवावा लागला. डिसेंबर २०२१ मध्ये ‘लॉग-फोर-जे’ या जावा भाषेतील सर्वत्र प्रचलित घटकात गंभीर सुरक्षादोष उघडकीस आला. दोषाची दुरुस्ती लवकरच उपलब्ध झाली. परंतु आपल्या यंत्रणेत हा घटक कोठकोठे आहे, हेच अनेक संस्थांना सांगता येईना, कारण तो दुसऱ्या घटकाच्या पोटातील तिसऱ्या घटकातून आत आलेला होता.

महाराष्ट्रालाही या प्रश्नाशी पूर्वीच झुंजावे लागलेले आहे. जुन्या आज्ञावलींत जागा वाचविण्यासाठी वर्षाचे केवळ शेवटचे दोन अंक साठविले जात. २००० साल जवळ येऊ लागले तसा ‘००’ म्हणजे १९०० की २०००, हा प्रश्न जगभर उभा राहिला, आणि १९९० नंतरच्या दशकात त्याच्या दुरुस्तीचे मोठे काम भारतीय कंपन्यांकडे आले. १९६८ मध्ये मुंबईत सुरू झालेली टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस ही त्यांपैकी एक. आज्ञावलींचे यंत्राच्या साहाय्याने विश्लेषण करण्याचे संशोधन १९८१ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या टाटा संशोधन, विकास व संकल्पन केंद्रात होत आलेले आहे. या दुरुस्तीत दोन अंकांचे चार अंक करणे हा भाग सोपा होता. खरे काम होते ते लक्षावधी ओळींतून तारीख कोठे वाचली जाते, कोठे दुसऱ्या नावाने पुढे दिली जाते आणि कोठे तिची वजाबाकी होते, हे हुडकण्याचे. म्हणजेच ते काम मुख्यतः परस्परनिर्देशांच्या शोधाचे होते.

३. नावाचा शोध आणि निर्देशाचा शोध

परस्परनिर्देश शोधावयाचे म्हणजे ते नाव सर्व मजकुरात शोधावयाचे, असे प्रथमदर्शनी वाटते. अशा अक्षरशोधासाठी केन थॉम्प्सन यांनी युनिक्स प्रणालीकरिता रचलेले ‘ग्रेप’ हे साधन १९७३ पासून प्रचारात आहे आणि आजही त्याचा उपयोग होतो. तथापि नावाचा शोध आणि निर्देशाचा शोध या दोन भिन्न गोष्टी आहेत. न्यायशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर अक्षरशोधात अतिव्याप्ती आणि अव्याप्ती हे दोन्ही दोष एकाच वेळी संभवतात.

कोल्हापूरच्या अभ्यासकास याची उदाहरणे दूर जाऊन शोधावयास नकोत. मराठ्यांच्या इतिहासावरील एखाद्या मोठ्या ग्रंथसंग्रहात ‘शाहू’ हे नाव शोधले, तर साताऱ्याचे छत्रपती शाहू (१६८२ ते १७४९) आणि कोल्हापूरचे राजर्षी शाहू (१८७४ ते १९२२) या दोघांचेही उल्लेख एकत्र हाती येतात. ‘राजाराम’ हे नाव शोधले तर शिवछत्रपतींचे पुत्र, १८७० मध्ये फ्लॉरेन्स येथे निधन पावलेले कोल्हापूरचे राजाराम महाराज आणि त्यांच्या नावाचे महाविद्यालय, अशी सरमिसळ होते. नाव एक, निर्दिष्ट वस्तू अनेक : ही अतिव्याप्ती. उलटपक्षी ‘कोल्हापूर’ हे नाव शोधणाऱ्यास ‘करवीर’ या नावाने आलेले त्याच नगरीचे उल्लेख सापडत नाहीत. वस्तू एक, नावे अनेक : ही अव्याप्ती. ‘करवीर’ हेही नाव शोधावयाचे ठरविले तर त्याच नावाचा तालुका आणि संस्कृतातील त्याच नावाचे कण्हेरीचे झाड वाटेत उभे राहते. एक दोष घालवू जाता दुसरा वाढतो, तो असा.

वाचणारा मनुष्य मात्र यांत सहसा फसत नाही. प्रकरण कोणते, काळ कोणता, आधीचे वाक्य कोणते, यांवरून तो नावाचा संबंध योग्य व्यक्तीशी जोडतो. आज्ञावलीच्या भाषांतही नावाला अशीच कक्षा असते. एका घटकाच्या आत व्याख्या केलेले ‘बेरीज’ हे नाव आणि दुसऱ्या घटकाच्या आत व्याख्या केलेले ‘बेरीज’ हे नाव, ही दोन स्वतंत्र नावे असतात. त्यांची अक्षरे सारखी असणे हा केवळ योगायोग. तसेच एखादा घटक दुसऱ्याचे नाव आत आणताना त्यास टोपणनाव देऊ शकतो. मग मूळ नाव त्या घटकात पुन्हा आढळतच नाही. यांखेरीज टिपणांतून किंवा अवतरणचिन्हांतील मजकुरातून आलेले नाव हे नुसते अक्षरांचे रूप असते. त्याने कशाचाही निर्देश होत नाही.

४. शोधाची कार्यपद्धती

निर्देश खऱ्या अर्थाने शोधावयाचे तर साधनास आज्ञावली नुसती चाळून चालत नाही. ती वाचावी लागते. हे वाचन चार पायऱ्यांनी होते आणि त्यांपैकी प्रत्येकीचे प्रतिरूप भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास परिचित आहे.

पहिली पायरी पदच्छेदाची. मजकुराचे तुकडे पाडून नाव कोणते, अंक कोणता, चिन्ह कोणते आणि टिपण कोणते, हे वेगळे केले जाते. टिपणांतील व अवतरणांतील नावे येथेच गळून पडतात. दुसरी पायरी वाक्यविन्यासाची. त्या भाषेच्या व्याकरणानुसार तुकड्यांची रचना वृक्षरूपाने मांडली जाते आणि अमुक नाव व्याख्येच्या जागी आहे की उपयोगाच्या, हे ठरते. तिसरी पायरी नामनिश्चितीची, आणि सर्वांत महत्त्वाची. प्रत्येक कक्षेसाठी एक नामसारणी तयार होते. उपयोगाच्या जागी आलेले नाव प्रथम सर्वांत आतल्या कक्षेच्या सारणीत, तेथे न मिळाल्यास तिच्या बाहेरील कक्षेत, असे क्रमाने शोधले जाते. मग बाहेरून आणलेल्या घटकांची पाळी येते. अशा रीतीने प्रत्येक उपयोगाची गाठ एका निश्चित व्याख्येशी बांधली जाते. चौथी पायरी सूची उलटविण्याची. तिसऱ्या पायरीअखेर ‘या जागेवरील नावाची व्याख्या तेथे आहे’ अशा असंख्य नोंदी जमलेल्या असतात. त्या उलट बाजूने लावल्या की ‘या व्याख्येचे उपयोग या या जागी आहेत’ अशी यादी सिद्ध होते. कोशाच्या संपादकास हवी असलेली यादी ती हीच.

चांगले साधन याहून एक पाऊल पुढे जाते आणि उपयोगाचा प्रकारही सांगते. एखाद्या नावाखाली साठविलेले मूल्य कोठे नुसते वाचले जाते, कोठे बदलले जाते, एखादी क्रिया कोठे करवून घेतली जाते आणि एखाद्या घटकाची रचना पाया म्हणून कोठे घेतली जाते, हे भेद वेगळे दाखविले जातात. वाक्यातील नाम ओळखणे पुरेसे नसून ते कर्ता आहे की कर्म की करण, हेही सांगावे लागते, त्यासारखेच हे आहे. मूल्य चुकीचे का झाले, याचा शोध घेणाऱ्यास ते बदलणाऱ्या दोन जागा हव्या असतात. वाचणाऱ्या दोनशे जागा त्याच्या वाटेतील अडथळा ठरतात.

अशा याद्यांचा इतिहास पुरेसा जुना आहे. १९६० नंतरच्या दशकात आयबीएमच्या सिस्टिम ३६० या संगणकाचे असेम्ब्लर आज्ञावलीच्या छापील प्रतीच्या शेवटी प्रत्येक नाव, त्याची व्याख्या असलेली ओळ आणि त्याचे उपयोग असलेल्या ओळी यांची सारणी छापून देत असे. ग्रंथाच्या शेवटच्या शब्दसूचीसारखेच तिचे रूप होते. १९८० नंतरच्या दशकाच्या आरंभी बेल प्रयोगशाळेत जो स्टेफन यांनी ‘सी-स्कोप’ हे साधन रचले. त्यात नावाची व्याख्या, त्यास बोलावणाऱ्या क्रिया आणि त्याने बोलावलेल्या क्रिया असे प्रश्न पडद्यावर विचारता येऊ लागले. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल’ ही खुली संकेतपद्धती जाहीर केली. तिच्यामुळे एकच विश्लेषक अनेक संपादनसाधनांस जोडणे शक्य झाले. या पद्धतीतील एक बारकावा ध्यानात घेण्यासारखा आहे. निर्देश विचारताना तेथे नाव पाठविले जात नाही. धारिका, ओळ आणि ओळीतील स्थान पाठविले जाते. नाव कोणते यापेक्षा ते कोठे उच्चारले गेले याला अधिक महत्त्व आहे, ही गोष्ट तेथे प्रश्नाच्या रचनेतच मान्य झालेली आहे.

५. अष्टाध्यायीचा दाखला

व्याख्या, कक्षा आणि उपयोग यांची अत्यंत काटेकोर व्यवस्था असलेला ग्रंथ भारतीय अभ्यासकास आधीपासून उपलब्ध आहे. पाणिनीच्या अष्टाध्यायीत सुमारे ४,००० सूत्रे आहेत, आणि त्यांपैकी फारच थोडी एकेकटी वाचून कळतात. १.१.१ या पहिल्याच सूत्रात आ, ऐ, औ या स्वरांना ‘वृद्धि’ ही संज्ञा दिलेली आहे. ही झाली व्याख्या. तिचे उपयोग पुढे ठिकठिकाणी विखुरलेले आहेत. ७.२.११४ या सूत्रात ‘वृद्धि’ हे पद प्रत्यक्ष आलेले आहे. त्यापुढील ७.२.११५, ११६ व ११७ या सूत्रांत मात्र ते पद नाही. मागील सूत्रातून ते अनुवृत्तीने येते. ‘कृ’पासून ‘कारक’, ‘पच्’पासून ‘पाचक’ आणि ‘शिव’पासून ‘शैव’ हे शब्द अनुक्रमे या तीन सूत्रांनी सिद्ध होतात. ‘वृद्धि’ ही अक्षरे शोधणाऱ्यास ही तिन्ही सूत्रे सापडणार नाहीत. आणि तरीही १.१.१ मधील व्याख्या बदलली तर मराठीतही रुळलेले हे तिन्ही शब्द कोसळतील. निर्देश असूनही नाव नसणे म्हणजे काय, याचे याहून स्वच्छ उदाहरण मिळणे कठीण आहे.

नाव असूनही निर्देश नसणे, ही दुसरी बाजूही पाणिनीच्या दृष्टीतून सुटलेली नाही. व्याकरणशास्त्रात आलेल्या शब्दाने त्याचे स्वतःचे रूप घ्यावे, संज्ञाशब्द मात्र याला अपवाद, असा नियम १.१.६८ मध्ये आहे. आज्ञावलीत अवतरणचिन्हांतील मजकूर आणि व्याख्या केलेले नाव यांत जो भेद केला जातो, तो तत्त्वतः हाच. त्याचप्रमाणे ८.२.१ पासून ग्रंथाच्या अखेरीपर्यंतची सूत्रे आधीच्या सूत्रांच्या दृष्टीने असिद्ध, म्हणजे जणू घडलेलीच नाहीत, असे मानावयाचे असते. एका भागातील कार्य दुसऱ्या भागास दिसू न देण्याची ही योजना आहे, आणि घटकांची अंतर्गत नावे बाहेरून दिसू न देण्याच्या आजच्या पद्धतीशी तिचे साम्य उघड आहे. हे साम्य दाखविण्याचा हेतू पाणिनीस संगणकशास्त्रज्ञ ठरविण्याचा नव्हे. नियमांचा मोठा समूह थोडक्यात मांडावयाचा असेल तर निर्देशांची गरज पडते, आणि निर्देश आले की त्यांचा माग काढण्याचा प्रश्न येतो, एवढेच त्यातून दिसते.

तो माग काढण्याचे काम महाराष्ट्रात हातांनी झालेले आहे. श्रीधरशास्त्री पाठक व सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांनी तयार केलेली पतंजलीच्या महाभाष्याची पदसूची १९२७ मध्ये, आणि पाणिनीच्या सूत्रपाठाची व परिशिष्टांची पदसूची १९३५ मध्ये, पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातर्फे प्रसिद्ध झाली. असल्या सूचीचे मोल, ती नसताना काम केलेल्यासच कळते. तथापि पदसूची ही मूलतः पाठात आलेल्या पदांची असते. अनुवृत्तीने आलेल्या पदांसाठी वृत्तिकारांचा आधार घ्यावा लागतो. कारण अनुवृत्ती कोठवर चालते आणि कोठे थांबते, हे अक्षरांवरून ठरत नसून अर्थावरून ठरते. पदसूची आणि वृत्ती यांतील हे अंतर म्हणजेच अक्षरशोध आणि निर्देशशोध यांतील अंतर होय.

६. शोधाच्या मर्यादा

येथवरच्या विवेचनावरून असे वाटेल की आज्ञावली नीट वाचली की सर्व निर्देश निःशेष हाती येतात. वस्तुस्थिती तशी नाही. तीन प्रकारचे निर्देश या शोधास चुकवू शकतात.

पहिला प्रकार आज्ञावली चालू असताना तयार होणाऱ्या नावांचा. अनेक भाषांत दोन अक्षरखंड जोडून नाव बनवावे आणि त्या नावाचा घटक बोलवावा, अशी मुभा असते. ‘श्रे’ आणि ‘णी’ हे खंड दोन जागी असतील तर ‘श्रेणी’ हे नाव मजकुरात अखंड असे कोठेच नसते. दुसरा प्रकार पात्रावर अवलंबून असलेल्या क्रियांचा. ‘छाप’ ही एकच आज्ञा गुणपत्रिकेस दिली की एक घटक चालतो आणि प्रवेशपत्रास दिली की दुसरा. आज्ञा ज्यास दिली तो त्या क्षणी कोण असेल, हे आधी सांगता येतेच असे नाही. ‘त्याला बोलाव’ या वाक्यातील ‘त्याला’ म्हणजे कोणाला, हे जसे बोलण्याच्या प्रसंगावाचून कळत नाही, तसाच हा प्रकार. तिसरा प्रकार शोधाच्या कुंपणाबाहेरील निर्देशांचा. घटकाचे नाव माहितीसंग्रहात, मांडणीच्या धारिकेत, दुसऱ्या भाषेत लिहिलेल्या घटकात किंवा दुसऱ्याच संस्थेच्या आज्ञावलीत आलेले असू शकते. ‘लेफ्ट-पॅड’चे बहुतेक उपयोग त्याच्या कर्त्याच्या दृष्टीच्या टापूबाहेरच होते.

यांपैकी पहिल्या दोन अडचणी साधनकर्त्याच्या आळसामुळे उद्भवलेल्या नाहीत. आज्ञावलीच्या वर्तनाविषयीचा कोणताही भरीव प्रश्न सर्व आज्ञावलींसाठी बिनचूक सोडविणारी एकच यांत्रिक पद्धती असू शकत नाही, हे हेन्री गॉर्डन राइस यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सिद्धान्ताने दाखवून दिलेले आहे. त्यामुळे प्रत्येक साधनास निवड करावी लागते. संशयित निर्देशही यादीत घ्यावेत, तर अतिव्याप्ती पत्करावी लागते. निश्चित तेवढेच घ्यावेत, तर अव्याप्ती. नाव बदलण्यासारख्या यांत्रिक कामात पहिली घातक ठरते, कारण भलतीच नावे बदलली जातात. घटक काढून टाकण्यासारख्या कामात दुसरी घातक ठरते, कारण वापरात असलेला घटक निरुपयोगी समजून टाकला जातो.

म्हणून ‘निर्देश आढळला नाही’ या उत्तराचा अर्थ ‘निर्देश नाही’ असा घेणे धोक्याचे आहे. मीमांसकांनी अभावाच्या ज्ञानासाठी अनुपलब्धी हे प्रमाण मानले. परंतु त्यास योग्यतेची अट घातली. वस्तू तेथे असती तर दिसलीच असती, एवढी अनुकूलता असेल तरच ती न दिसण्यावरून तिचा अभाव सिद्ध होतो. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही म्हणून घट नाही, असे ठरत नाही. साधनाने रिकामी यादी दिली, तर ते काय पाहू शकते आणि त्याला काय पाहावयास दिले होते, हे प्रथम तपासावे. मगच त्या रिकामेपणास पुरावा मानावे.

७. मराठी कोशांच्या संदर्भात

हा विषय आता आज्ञावलीकारांपुरता राहिलेला नाही. कोश, शब्दसंग्रह आणि भाषिक नमुन्यांचे संग्रह संगणकावर येत आहेत. मोल्सवर्थ यांचा कोश शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संग्रहात संगणकावर शोधता येतो. कोश संगणकावर आला की त्याची प्रत्येक नोंद हा एक घटक होतो आणि प्रत्येक ‘पहा’ हा एक निर्देश. वर सांगितलेले सर्व दोष मग त्यासही लागू होतात.

मराठीत यांना दोन विशेष अडचणींची जोड मिळते. पहिली लेखननियमांची. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ मध्ये शासनमान्य झाले आणि व्युत्पत्तीनुसार दिले जाणारे अनेक अनुस्वार गेले. ‘कांहीं’चे ‘काही’ झाले, ‘नांव’चे ‘नाव’ झाले. जुन्या कोशाची शीर्षरूपे नव्या नियमांनी बदलली आणि नोंदींच्या पोटातील ‘पहा’ तसेच राहिले, तर निर्देश तुटतात. पोटातील रूपेही सरसकट बदलली, तर ‘नांव’ आणि होडी या अर्थाचा ‘नाव’ हे जुन्या लेखनात वेगळे असलेले शब्द एकाच रूपात येतात आणि ‘नाव पहा’ हा निर्देश कोणाकडे, हे कळेनासे होते. दुसरी अडचण अक्षरसंकेतांची. ‘दऱ्या’ या शब्दातील रकार युनिकोडमध्ये दोन भिन्न संकेतक्रमांनी लिहिता येतो. डोळ्यास दोन्ही रूपे सारखी. यंत्रास मात्र ती दोन वेगळी नावे.

या दोन्हींवरील उपाय आज्ञावलीकारांच्या अनुभवातून मिळतो. प्रत्येक नोंदीस, आणि शक्य तर नोंदीतील प्रत्येक अर्थास, कधीही न बदलणारा स्वतंत्र क्रमांक द्यावा. ‘पहा’पुढे वाचकासाठी शब्द दिसावा; परंतु यंत्रासाठी तेथे क्रमांक असावा. मग शीर्षरूपाचे लेखन बदलले तरी निर्देश टिकतो आणि एकरूप शब्दांची गल्लत होत नाही. कोणत्याही नोंदीत बदल करण्यापूर्वी तिच्याकडे येणाऱ्या निर्देशांची यादी संपादकास आपोआप दाखविली जावी. ज्यांचे लक्ष्यच नाही असे निर्देश, आणि एकमेकांकडेच बोट दाखवून वाचकास फिरत ठेवणारे निर्देश, यांची तपासणी प्रत्येक आवृत्तीपूर्वी व्हावी.

एका कोशाच्या पोटात हे साधले तरी निरनिराळ्या कोशांमधील निर्देशांचा प्रश्न उरतो. महाराष्ट्र शब्दकोशात फारशी व्युत्पत्ती दिलेला शब्द माधव जूलियन यांच्या १९२५ च्या फार्शी-मराठी कोशातील नोंदीशी जोडता आला, तर अभ्यासकाची मोठीच सोय होईल. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात अध्यापन केलेल्या या कवि-कोशकाराचे ते काम नव्या पिढीच्या हाती अधिक उपयुक्त रूपाने येईल. परंतु अशी जोडणी दोन स्वतंत्र घटकांमधील असते, आणि एका बाजूचा संपादक दुसऱ्या बाजूचे निर्देश पाहू शकत नाही. तेथे साधनापेक्षा कराराची गरज अधिक : एकदा जाहीर केलेला क्रमांक दोन्ही बाजूंनी मोडावयाचा नाही. सूत्रांचे क्रमांक अभ्यासकांनी एकमताने मान्य केले म्हणूनच ७.२.११५ एवढे म्हटले की वाराणसीच्या, पुण्याच्या आणि कोल्हापूरच्या विद्यार्थ्याचे बोट एकाच सूत्रावर पडते. मराठीच्या कोशनोंदींना अशी स्थिर ओळख देणे हे काम कष्टाचे आणि नीरस आहे. परंतु ते झाल्यावाचून त्यांच्यावर उभारलेली कोणतीही शोधयंत्रणा भरवशाची होणार नाही.